मांगरातल्या वर्कशॉपला वेगळी डीबी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या सिंधुदुर्गात बऱ्याच घरांच्या मागे जुना मांगर उभा असतो. गुरं गेली, आता त्यात कुणी सुतारकाम करतं, कुणी वेल्डिंग, कुणी पंप दुरुस्त करतं. वीज मात्र अजून पडवीतल्या सॉकेटमधून येते: तिथे पिन खोचलेली, मग माडाला गुंडाळत नेलेली वायर, आणि टोकाला एक्स्टेंशन बोर्ड. एका ड्रिलपुरतं हे निभावतं. टेबल सॉ आला, कॉम्प्रेसर आला की वायर हाताला गरम लागायला लागते, आणि मिरग सुरू झाला की सगळा जिवाशी खेळ होतो. त्यावर उपाय म्हणजे मांगरात स्वतःची डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, जिथून वीज वेगवेगळ्या लाइनींना वाटली जाते ती पेटी) बसवणं. हे काम कोणत्या क्रमाने करायचं आणि चुका नेमक्या कुठे होतात, ते इथे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कायद्याने वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हायला हवं आणि शेवटी त्याचा टेस्ट रिपोर्ट हातात असायला हवा. तुम्ही लोडचा हिशेब करू शकता, सामान निवडू शकता, चर खणू शकता, बोर्ड भिंतीला लावू शकता, कंड्युट ओढू शकता. घराच्या मेनला हात लावणं आणि लाइन चालू करणं वायरमनवर सोडा. पण तो काय करतोय आणि ते बरोबर आहे की नाही, हे तुम्हाला कळलं पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

लोड किती, ते मशिनच्या पाटीवर वाचा

प्रत्येक मशिनवर पत्र्याची छोटी पाटी असते. तिच्यावरचे अँपिअर वहीत उतरवा. एचपीवरून अंदाज बांधू नका. २ एचपीची सिंगल फेज मोटर साधारण १० ते १२ अँपिअर घेते. एका सुताराच्या मांगराचं उदाहरण घेऊ: टेबल सॉ ११, भुसा ओढणारा व्हॅक्युम ६, दिवे-पंखे १, कॉम्प्रेसर १०. एकटा माणूस एका वेळी एकच मशिन चालवतो हे खरं, पण सॉबरोबर व्हॅक्युम चालूच असतो आणि कॉम्प्रेसर टाकीतला दाब उतरला की आपणहून सुरू होतो. म्हणजे २८ अँपिअर एकदम लागू शकतात, जवळजवळ साडेसहा किलोवॅट.

आता महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघा. तो २ किंवा ३ किलोवॅट असेल तर आधी भार वाढवण्याचा अर्ज करा. घरातला गीझर आणि विहिरीवरचा पंपही याच मीटरवर असेल, तर थ्री फेज घेण्याबद्दल आत्ताच विचार करा. केबल पुरल्यावर बदलायची म्हणजे सगळा चर पुन्हा उकरणं आलं. आणि मांगरात बनवलेल्या वस्तू विकणार असाल तर वीजजोडणीचा वर्गही विचारून घ्या. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली येतं, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

केबल: वायरमन सहाची म्हणेल, दहाची घ्या

घरापासून मांगर ३० मीटरवर आहे असं धरू. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ३२ अँपिअर आरामात वाहते, त्यामुळे दुकानदार आणि वायरमन दोघेही तीच सुचवतील. गरम होण्याचा प्रश्न तिथे नाहीच. प्रश्न व्होल्टेजचा आहे. सहाच्या केबलमध्ये दर अँपिअरला दर मीटरमागे साधारण ७.३ मिलिव्होल्ट पडतात, दहाच्या केबलमध्ये ४.४. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा या आकड्यांत धरलेल्या आहेत. २८ अँपिअर आणि ३० मीटरला सहाच्या केबलवर ६ व्होल्ट जातात, दहाच्या केबलवर पावणेचार.

फरक लहान वाटेल. पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. ११ अँपिअरचा सॉ त्या क्षणी ५५-६० अँपिअर मागतो आणि सहाच्या केबलवर १२-१३ व्होल्ट तिथेच गळतात. आमच्याकडे संध्याकाळी खांबावरच २०५ व्होल्ट असतात. त्यातून हे वजा झाले की मोटर गुरगुरते, पातं फिरायला वेळ लागतो, कपॅसिटर आणि वाइंडिंग तापतं. वर्षभरात मोटर जळते आणि दोष मशिनला दिला जातो. म्हणून तीन कोरची, आर्मर्ड (वरून धातूच्या तारांचं कवच असलेली), १० चौरस मिलिमीटर तांब्याची केबल घ्या. ॲल्युमिनियमची घ्यायची तर १६ ची, पण मग दोन्ही टोकांना योग्य लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून, म्हणजे क्रिम्प करून घ्या. ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या तारा एकमेकींना पिळून सांधा करू नका. दमट हवेत तो सांधा खात जातो.

अर्थ आणि न्यूट्रल

या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, पण हा भाग दोनदा वाचा.

आपल्याकडे न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीला जोडलेला असतो, आणि घराचं अर्थिंग आपलं आपण जमिनीत करतो. दोघांच्या मध्ये नुसती माती. समजा मांगराजवळच्या अर्थपिटचा, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याचा, रेझिस्टन्स ५ ओहम आहे, म्हणजे चांगला आहे, आणि ट्रान्सफॉर्मरकडचा २. सॉची आतली वायर घासून फेज पत्र्याला लागला. करंट किती वाहील? २३० भागिले ७, म्हणजे ३३ अँपिअरच्या आसपास. एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपणहून पडणारा स्विच. सी-कर्व्हचा (मोटरची सुरुवातीची ओढ सोसणारा) १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ३३ अँपिअरला तो आधी तापेल आणि मग कधीतरी पडेल. त्याला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतं. घराकडचा ३२ चा एमसीबी तर पडणारच नाही. आणि तेवढा वेळ मशिनच्या पत्र्यावर ३३ गुणिले ५, म्हणजे १६५ व्होल्ट उभे असतात. चांगलं अर्थिंग आहे, चांगल्या कंपनीचे एमसीबी आहेत, तरीही माणूस मरू शकतो.

इथे वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. अर्थपिट वाईट निघाला, १०० ओहमचा असला, तरी वरच्या बिघाडात दोन अँपिअरच्या पुढे करंट मातीत जातोच आणि आरसीसीबीला तेवढा भरपूर झाला. म्हणून मांगराच्या डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

दुसरा नियम: डीबीत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना कधीही जोडायचे नाहीत. अमेरिकेतले व्हिडिओ बघून काही जण गोंधळतात, कारण तिथे घराच्या मुख्य पॅनेलमध्ये दोन्ही मुद्दाम जोडलेले असतात. त्यांची पद्धत वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडे घराच्या डीबीतही नाही आणि मांगराच्या डीबीतही नाही.

हे मी पाठ म्हणून सांगत नाही. माझ्या एका नातेवाइकाच्या शेडमध्ये अनवाणी मशिनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. 'जमीन ओली आहे म्हणून' असं सगळे म्हणत. डीबी उघडली तर मशिनची हिरवी वायर काळीबरोबर पिळून न्यूट्रल लिंकच्या (सगळे न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीच्या) एकाच स्क्रूखाली दाबलेली. अर्थिंग नव्हतं, म्हणून कुणीतरी न्यूट्रललाच जोडून दिलं होतं. मग केबलचा माग काढला. मधल्या सांध्यावरची टेप सोलल्यावर आत तांब्यावर हिरवट पांढरी पूड, आणि न्यूट्रलच्या दोन-तीन काड्याच धरून होत्या. त्या काड्या तुटल्या असत्या तर दिव्यातून, पंख्यातून आलेला फेज त्या जोडामुळे थेट सगळ्या मशिनांच्या पत्र्यांवर उतरला असता. त्या शेडमध्ये पोरंही खेळायची.

तर करायचं असं. केबलच्या तिसऱ्या कोरने घराचं अर्थ मांगरापर्यंत आणा. मांगराजवळ स्वतंत्र अर्थपिटही करा, आणि दोन्ही डीबीतल्या अर्थ बारवर एकत्र जोडा. केबलचं आर्मरही दोन्ही टोकांना अर्थला. पिटसाठी ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भिंतीपासून निदान दीड मीटर लांब. जांभ्यात एवढं खोल जाणं कठीण असतं, त्यामुळे जागा हुशारीने निवडा. न्हाणीचं पाणी जिथे केळीच्या आळ्यात जातं, ती जमीन वैशाखातही ओली असते. एका पिटने आकडा खाली येत नसेल तर ५ मीटर अंतरावर दुसरा घ्या आणि जीआय पट्टीने दोन्ही जोडा. मीठ ओतून रेझिस्टन्स तेवढ्यापुरता उतरतो, पण ते मीठच पाइप खातं. त्यापेक्षा बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा.

डीबीच्या आत काय, कुठे

घराच्या टोकाला मांगरासाठी स्वतंत्र ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) सी-कर्व्ह एमसीबी. त्याच्यापुढे १०० मिलिअँपिअरचा, एस-टाइप म्हणजे थोडा थांबून पडणारा आरसीसीबी, ४० अँपिअरचा. ही लाइन घरातल्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या आधीपासून घ्यायची. नाहीतर मांगरात मशिन ओलं झालं की स्वयंपाकघरात अंधार. आणि एस-टाइप यासाठी की मांगरातला बिघाड मांगरातल्याच आरसीसीबीने तोडावा, घराकडच्याने नव्हे. पुरलेल्या केबललाच कुदळ लागली तर मात्र घराकडचा पडेल.

मांगरात १२ वेची (१२ खणांची), पत्र्याची, डबल डोअर डीबी. आठची पुरेल असं वाटतं, पण वर्कशॉपात मशिनं वाढतच जातात. आत शिरताना ४० अँपिअरचा डबल पोल आयसोलेटर, म्हणजे सगळी लाइन हाताने बंद करायचा स्विच. आमच्याकडे वळीवाच्या विजा भयंकर असतात, त्यामुळे आयसोलेटरनंतर एसपीडी (विजेचा झटका जमिनीत वळवणारा) लावा, टीटी अर्थिंगला, म्हणजे वर सांगितलेल्या आपल्या पद्धतीला, चालणारा मागून घ्या.

यापुढे लाइनचे दोन भाग करा, आणि हे मी आग्रहाने सांगतो. एक भाग ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून सगळ्या मशिनांना. दुसरा भाग वेगळ्या १० अँपिअरच्या आरसीबीओमधून (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) दिवे आणि पंख्यांना. सगळं एकाच आरसीसीबीवर ठेवलंत, तर रात्री सॉ चालू असताना तो पडला की दिवेही जातील. पातं मात्र लगेच थांबत नाही, ते काही सेकंद फिरत राहतं. काळोखात, हातात फळी, आणि समोर फिरणारं पातं.

मशिनांना प्रत्येकी स्वतंत्र १६ चा सी-कर्व्ह एमसीबी. बी-कर्व्ह तीन ते पाच पट करंटला पडतो, त्यामुळे मोटर सुरू करतानाच तो पडत राहील. १६ अँपिअरच्या सॉकेटला किमान अडीचची वायर चालते, मी चारची ओढतो. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. रंग संपला म्हणून दुसरा वापरू नका.

आरसीसीबीनंतरच्या सर्किटांचे न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून निघालेल्या लिंकवरच यायला हवेत. दिव्याचा न्यूट्रल चुकून मशिनच्या लिंकवर बसला तर दिवा लावल्या लावल्या ट्रिप होतं, आणि मग 'आरसीसीबी खराब आहे' म्हणून तो काढून टाकला जातो. नव्या डीबीत विनाकारण ट्रिप होत असेल तर पहिला संशय याच चुकीचा घ्या.

आणखी एक खर्च टाळू नका. सॉ, रंधा मशिन, लेथ यांना नुसता ऑन-ऑफ स्विच पुरत नाही. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर लावा. लाइट गेली, तुम्ही मशिन बंद करायला विसरून चहाला गेलात, आणि लाइट आली. साधा स्विच असेल तर पातं आपणहून फिरायला लागेल. स्टार्टर असेल तर हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मशिन गप्प राहील.

डीबी छातीच्या उंचीवर, दाराजवळ, आणि तिच्यासमोर १ मीटर मोकळी जागा. फळ्यांची चळत तिथे लावायची नाही.

चर आणि केबल

चर ७५ सेंटिमीटर खोल. तळाला साधारण ७५ मिलिमीटर वाळूचा थर, वर केबल, पुन्हा तेवढीच वाळू, मग विटा किंवा कौलं आडवी, मग माती. वीतभर माती राहिली की पिवळी किंवा लाल धोक्याची पट्टी अंथरा, म्हणजे उद्या कुणी माड लावायला खणलं तर आधी पट्टी दिसेल. जिथून गाडी जाते तिथे केबल जाड पाइपातून न्या. वळणावर केबल मोडू नका; तिच्या जाडीच्या निदान बारा पट त्रिज्या ठेवा. मधे सांधा नको, केबल अखंडच विकत घ्या. बुजवण्याआधी मीटर टेप चरात आडवी धरून, भिंतीच्या कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असे फोटो काढून ठेवा.

केबल डीबीत खालून घ्या, वरून नाही. वरून घेतली तर पावसाचं पाणी तिच्यावरून उतरून थेट आत येतं. ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली पकड) घट्ट बसवा, आर्मरच्या तारा ग्लँडच्या कोनाखाली चारी बाजूंनी सारख्या दाबल्या गेल्या पाहिजेत. नॉकआउटची (केबलसाठी पेटीला आधीच ठेवलेली) उरलेली सगळी भोकं बंद करा. पालींना डीबीतली ऊब आवडते, आणि एक पाल दोन बसबारमध्ये आडवी पडली की सगळं काळं होतं. सुताराच्या मांगरात तर त्याच भोकांतून भुसा जाऊन साठतो, आणि भुशाला ठिणगी पुरते.

चालू करण्याआधी

काम करताना मेन बंद, आणि त्याला कुलूप किंवा निदान चिकटपट्टी आणि पाटी. घरात इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर मेन बंद असूनही उलट बाजूने लाइन येऊ शकते, म्हणून तेही बंद. निऑन टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन नाही, असं समजू नका. मल्टिमीटरने आधी चालू सॉकेट मोजा, मग तुमची वायर मोजा, मग पुन्हा चालू सॉकेट. मीटर धड आहे याची खात्री अशीच होते.

मग मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजणारं मीटर. ५०० व्होल्टवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मशिनं, एलईडी दिवे आणि एसपीडी आधी सोडवून ठेवा. न्यूट्रल-अर्थ मोजताना घराकडचा डबल पोल एमसीबी बंद असू द्या, नाहीतर ट्रान्सफॉर्मरकडचं अर्थ आकड्यात येईल. किमान १ मेगाओहम लागतो, पण नव्या वायरिंगमध्ये तो शेकड्यात असायला हवा. नवीन काम असून आकडा दोन-तीनवर आला, तर कुठेतरी वायर सोलली आहे किंवा सांध्यात ओल आहे. तिथून पुढे जाऊ नका. अर्थपिटचा रेझिस्टन्स अर्थ टेस्टरने मोजून टेस्ट रिपोर्टवर लिहून घ्या, आणि शक्यतो मे महिन्यात मोजा. पावसाळ्यातला आकडा सगळ्यांचाच चांगला येतो.

लाइन दिल्यावर सॉकेटवर तीन मापं: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ साधारण सारखी, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, तो पडला पाहिजे. बटण आतली यंत्रणाच तपासतं, तुमचं अर्थिंग नाही, म्हणून वायरमनकडे आरसीसीबी टेस्टर असेल तर प्रत्येक सॉकेटवर लावून घ्या. ३० मिलिअँपिअरला तो ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा. काही जुने वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून अर्थिंग बघतात. त्या बल्बमधून चारशे मिलिअँपिअरच्या वर करंट जातो, त्यामुळे आरसीसीबी लगेच पडतो, आणि पडलाच पाहिजे. 'याच्यामुळे टेस्टिंग होत नाही' म्हणून कुणी तो बायपास करायला लागला तर तिथेच थांबवा.

शेवटी एकेक मशिन सुरू करा, डीबीजवळ टाँग टेस्टरने करंट मोजा आणि पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघा. प्रत्येक एमसीबीखाली मराठीत स्वच्छ नाव लिहा, घरातल्या कुणालाही अंधारात वाचता येईल इतकं मोठं. महिन्याने मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. मोटरच्या थरथरीने ते सैल होतात, आणि सैल स्क्रूखालची वायर आधी तपकिरी होते, मग काळी. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दसऱ्याला हत्यारांची पूजा करता, त्याच्या आदल्या दिवशी डीबी उघडा, पावसाळ्याची ओल आणि गंज बघा, ब्रशने भुसा झाडा आणि अर्थपिटच्या क्लँपवरचा गंज खरवडून नट पुन्हा घट्ट करा.